गेणभाऊंचा उघडा राजा

दुपारची भाकरी मळ्यात आबांना पोचवायची, एवढंच काम होतं. उसात बिबट्या असतो म्हणून दिशाने मोबाईलवर मोठ्याने गाणं लावलं आणि डबा घेऊन बांधाने निघाली.

आबा म्हणजे तिचे आजोबा, बिरदेव. महिनाभर ते रोज दुपारी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसत. तिथेच ते आणि शेजारच्या मळ्यातले गेणभाऊ चाळीस वर्षं बुद्धिबळ खेळले होते. गेणभाऊ वारले, डाव अर्धाच राहिला. तेव्हापासून आबांचं जेवण तुटलं. घोडेगावच्या डॉक्टरांना काही आजार सापडला नाही, पण सदरा दर आठवड्याला सैल होत होता.

विहिरीपाशी रेंज गेली आणि गाणं तुटलं. लाईट नव्हती, मोटार गप्प होती. उसाचं पानही हलत नव्हतं. खोलीत ग्रीसचा वास होता, आणि त्याच्याखाली आणखी एक गार, गाळासारखा वास. आबा पलीकडच्या भिंतीला टेकून बसले होते. पुढे पट मांडलेला. त्यांच्या समोरच्या गोणपाटावर कुणीच नव्हतं. पण गोणपाट मधोमध दबलेलं होतं.

टक्.

काळा घोडा दोन क्षणांपूर्वी होता तिथे नव्हता.

"आबा... कोण खेळतंय?"

"गेणभाऊ. दुसरं कोण? लई चिवट गडी."

"घरी चला ना."

"डाव संपल्याबिगर उठायचं न्हाई, असं ठरलंय आमचं. मी हरलो की दोघं मिळून निघणार. त्यो हरला, तर एकटाच जाईल."

शाळेत चार लोकांत दिशाचं तोंड उघडायचं नाही, पण पट तिला लगेच वाचता यायचा. गेणभाऊंचा राजा मधोमध उघडा पडला होता. जुन्या देशी खेळात राजाला हत्तीआड लपवायचा किल्लेकोट नसतो, त्यामुळे त्याला आडोसाच नव्हता. तरी आबांनी हल्ला केलाच नव्हता. ते आपली मोहरी एकेक करून मारायला देत होते.

तिने डबा खाली ठेवला.

"आता मी खेळते," ती म्हणाली. आबांनी नुसते डोळे मिटले.

ती आबांना खेटून, त्यांच्या बाजूने पटाशी बसली. हत्तीने वाट अडवायची, मग वजिराने मात. तिने हत्तीला बोट लावलं.

"थांब..." अगदी कानाशी कुजबुज आली. "अजून शह बसला न्हाई त्याला. तवर राजाला घोड्यावानी एक उडी मारता येती... आदी शह दे. उडी गेली, की धर."

हा नियम शाळेत कुणी शिकवला नव्हता. तिने हत्ती सोडून उंट उचलला.

"शह."

टक्. राजा एक घर सरकला. गार वास दाट झाला.

"शह..."

टक्. राजा पटाच्या कडेला लागला. तिने दोन्ही हातांनी वजीर ठेवला.

"शह... आणि मात."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग काळा राजा हळूच आडवा झाला. गोणपाट, कुणी उठावं तसं, फुगून वर आलं.

तेवढ्यात लाईट आली आणि मोटार धडाडली. दिशा किंचाळली, मग तिला हसूच आवरेना. खोलीत फक्त ग्रीसचा वास उरला होता.

आबांनी डोळे उघडले. "डब्यात काय हाय?"

"मेथी आणि भाकरी."

"ठेचा न्हाई दिला तुझ्या आईनं?"

"दिलाय की!"

आबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. दिशाने तोंड फिरवून ओढणीने डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

परत येताना आबा म्हणाले, "पोरी, राजाच्या उडीचं जुनं कलम तुला कुठनं ठाव?"

"तुमीच तर सांगितलंत. कानात."

आबा बांधावर थांबले.

"मी कशाला सांगन? मला तर त्याला एकटं धाडायचं नव्हतं." ते विहिरीकडे वळून बघत राहिले. मग ओठ थरथरले, आणि हसू फुटलं. "गेण्या, लबाडा... सोताच्याच राजाला मारायची वाट दावलीस व्हय रं?"

दिशाने कानाला हात लावला. भर उन्हात तो गार होता, आणि ओला.