हद्दीतली चूल

बाबांच्या दिवसकार्याआधी वरच्या वाडीतला एक दगड आणायचा होता, त्यांना पुरलं त्या मातीवर ठेवायला. जाताना त्यांनी एवढंच मागितलं होतं. आम्हा कातकऱ्यांची ती वाडी अलोऱ्याच्या मागच्या डोंगरात होती. इंग्रजांनी जंगल राखीव केलं, काथाच्या भट्ट्या मोडल्या आणि पणजोबांना खाली हाकललं. त्यानंतर वर कुणी गेलं नव्हतं.

निघालो तिघं: मी, बाबांची थोरली बहीण हौसाआत्या आणि तिचा मुलगा अनिल. जुन्या इंग्रजी नकाशावरचं नाव मी ‘कातवाडी’ असं वाचलं होतं; कातळावरची, म्हणून कातवाडी. सकाळभर त्या उघड्या कातळावर फिरलो. पायाखाली तापलेला जांभा, वर घारी, आणि घराचं एक जोतंही कुठे नाही. शोध सोडून मला बसवत नव्हतं.

“तुझ्या नकाशावाल्या सायबाला इचार, कुठं ठेवलान वाडी ती,” आत्या म्हणाली.

दरीच्या कडेने उतरताना अनिलच्या पायाखालचा मुरूम सुटला. तो घसरला! मी आडवी पडले. त्याचं मनगट धरलं. हात घामाने ओला. निसटला! खाली फांद्या मोडल्या. मग काहीच नाही.

“मेलास काय रे?” आत्याने हाक दिली.

“नाय. काट्यांनी धरलंय. शर्ट गेला.”

त्याला सोडवायला आम्ही खाली उतरलो. आकड्यासारखे वळलेले, जोडीजोडीने आलेले काटे. खैर! खैराच्या लाकडातूनच काथ निघतो. वाडीचं नाव काथवाडी होतं. नकाशा काढणाऱ्या साहेबाला ‘थ’ ऐकू आला नव्हता.

आम्ही खैरांमधून वाट काढली. भट्टी सापडली नाही. सापडला राखीव जंगलाच्या हद्दीची खूण म्हणून रचलेला दगडी बुरूज, कमरेएवढा. त्यातले निम्मे दगड भाजून काळेलाल झालेले. भट्टी मोडून तिच्याच दगडांनी हद्द रचली होती.

मी हात लावला आणि मागे घेतला. “हद्दीची खूण हलवली तर गुन्हा लागतो, आत्या. बाबांना जंगलखात्याचे लोक जन्मभर चोर म्हणाले. आता पुन्हा म्हणतील.”

“हद्द त्येंची. चूल आपली.”

अनिलने ओरबाडलेल्या हातांनी ओढ्यातला एक दगड आणला. “एक काढ, एक ठेव. हद्द हाय तेवढीच राहील.”

मी भाजका दगड सोडवला. त्या जागी दुसरा नीट बसवला.

उतरताना पिशवीतला दगड पाठीला टोचत होता. अनिल मागत होता, मी दिला नाही.

“जड लागतोय काय गो?” आत्या म्हणाली. “तुझा बापूस पण असाच. माझ्या कडेवरून खाली उतरायचा नाय.”

मी पिशवी पाठीवरून काढली आणि कडेवर घेतली.