ओवलेली सुई

अश्वजित, शेकोटीत अजून एक लाकूड सार बघू, आणि तो मोबाईल आधी खिशात घाल. सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून बसायचं आणि तोंडावर निळा उजेड पाडून घ्यायचा, मग घरी काय वाईट होतं? सीमा, तूही ये इकडे, शाल घेऊन.

"यादवकाका, इज इट हॉरर?"

हॉरर का काय ते तुझं तू ठरव. मी भूतबीत मानत नाही. आपल्या घरात ते चालत नाही, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. पण ही गोष्ट संपली ती तुमच्या कुसुमकाकूच्या डोळ्यांदेखत. आणि काकू खोटं बोललीच तर भाजीच्या भावापुरतं बोलते, त्याच्या वर नाही. आता मध्ये बोलू नका.

दोन वर्षांपूर्वीचं आहे हे. काम अगदी साधं होतं. मीना सलमान बंदरातल्या गोदामातून कापडाचा गठ्ठा आणायचा. आम्ही बुसैतीनला राहायचो त्या बिल्डिंगमध्ये खाली महमूद मास्तरांचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं, आणि दुकानाच्या पाठीमागेच त्यांचं घर. माणूस रत्नागिरीकडचा, मितभाषी, हातात कमालीची सफाई. इथल्या गोऱ्या लोकांच्या एका हौशी नाटकमंडळानं त्यांना मोठी ऑर्डर दिली होती. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचं नाटक, सहा लग्नं केली ना त्यानं, तोच. मी पिकअप काढली, गठ्ठा आणून दुकानात टाकला आणि चहा पिऊन वर गेलो. माझा संबंध तेवढाच. पुढचं सगळं मसूदाचं.

मसूदा म्हणजे महमूदची दुसरी बायको.

पहिली बिल्किस. मसूदा तिची सख्खी मावसबहीण. बिल्किस आजारी पडली तेव्हा तिच्या मदतीला म्हणून मसूदा गावाहून इथं आखातात आली. आली ती भाकरी थापायला, आणि हळूहळू दुकानातही बसू लागली. बटणं लाव, काजं कर. बिल्किसचा पलंग मागच्या खोलीत होता, पण दाराच्या समोरच दुकानातला ट्रायलचा मोठा आरसा. त्या आरशात तिला पडल्या पडल्या सगळं दिसायचं. महमूद कापड बेतायचा, मसूदा दुसरं टोक धरायची. कधी दोघं कशावर तरी हसायची. तसं वावगं काही घडलं नव्हतं, हे मसूदानं काकूला शपथेवर सांगितलं. पण मनात काय चाललं होतं, ते तिचं तिला ठाऊक होतं. आणि आरशात बघणारीलाही.

एकदाच बिल्किस बोलली. "मसूदा, माझा सगळा घे गो तू. त्यांचे सदरे तेवढे मीच शिवीन."

आणि शिवत राहिली. बाई डावखुरी. तिच्या हातशिलाईचा टाका उलट्या अंगानं कलायचा, जाणकाराला लांबून ओळखू यायचा. अंगात उठून बसायची ताकद नाही, पण नवऱ्याचा सदरा मांडीवर. शेवटचा सदरा तिच्या हातून पुरा झाला नाही. कॉलर अर्धीच राहिली, सुई तशीच दोऱ्यासकट लोंबत होती, आणि बाई गेली.

महमूदनं तो सदरा सुईसकट कपाटात टांगला. पुढं वर्षानं मसूदाशी निकाह झाला. मसूदानं हौसेनं त्याला दोन सदरे शिवले. एक त्यानं ईदला घातला, दुसरा नातेवाइकांकडं जाताना. दोन्ही वेळा "छान झालाय" म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिल्किसच्या हातचा, कोपरात विरलेला, रफू केलेला. मसूदा तो धुवायची, इस्त्री करायची आणि आतल्या आत जळायची. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं हो. मेलेलीचं काय करायचं?

तर, नाटकवाल्यांची मार्गारेट म्हणून एक बाई फिटिंगला आली. राणीचं काम करणारी पोरगी सुट्टीवर होती आणि मसूदाचा बांधा थेट तिच्यासारखा. म्हणून पिवळा घेरदार झगा मसूदाच्याच अंगावर चढवून महमूद टाचण्या लावत होता. त्याच आरशासमोर. मसूदानं स्वतःला बघितलं आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

"ही राणी कोन?" तिनं विचारलं.

मार्गारेटनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. ही दुसरी राणी, ॲन. आधी पहिल्या राणीच्याच तैनातीला होती. राजाचं मन हिच्यावर गेलं, पहिली बाजूला पडली. दरबारात जो तो हिच्या पुढं वाकायला लागला. पण गंमत ऐक, राजाचे सदरे कोण शिवायचं? पहिलीच! कापड गुपचूप तिच्याच महालात जायचं. नवीला हे कळलं, तेव्हा तिनं महाल डोक्यावर घेतला.

महमूदच्या हातातली टाचणी थांबली. आरशात मसूदाला ते दिसलं.

"मग? हिचा काय झाला?"

मार्गारेट हसली. दोन बोटं आपल्या गळ्यावर ठेवली... आणि कानापासून कानापर्यंत ओढली.

आता अडचण काय झाली, त्या गठ्ठ्यात सगळं होतं, मखमल, पिवळं साटीन, काळा रेशमी दोरा. राजाच्या सदऱ्याचं पांढरं कापड तेवढं नव्हतं. ते पुढच्या बोटीनं येणार, इंशाल्ला. प्रयोग तोंडावर. महमूद डोक्याला हात लावून बसला. राजाचा सदरा म्हणजे पांढराशुभ्र, ढगळ, कॉलरला आणि कफला काळ्या रेशमानं भरलेली नक्षी.

मसूदाच्या डोक्यात लख्खकन आलं. कपाटातला सदरा! तोही पांढराच, ढगळ.

तिला काय वाटलं असेल बघा. आयती संधी. सदरा राजाच्या अंगावर जाईल, नाटकवाल्यांच्या पेटाऱ्यात जाईल, घरातून एकदाची ब्याद टळेल. वर नवरा म्हणेल, मसूदानं वेळ निभावली. तिनं त्याला विचारलं नाही. संध्याकाळी तो मालाचं बघायला बाहेर पडला आणि हिनं कपाट उघडलं.

आता नीट ऐका. महमूदच्या बापाच्या दुकानात एक रीत होती. दुसऱ्यानं ओवून ठेवलेल्या सुईनं पुढं शिवायचं नाही. कारागीर निघून गेला असेल तर त्याचा दोरा कापायचा, दोन टाके उसवायचे, आपली सुई आपल्या हातानं ओवायची आणि मग पुढं. माणूस मेलेला असेल तर आधी त्याच्या नावानं फातेहा, मेलेल्यासाठीची दुआ. नाहीतर ते काम तुझं होत नाही, त्याचंच राहतं. मसूदाला ही रीत पाठ होती. पण फातेहा म्हणायचा तर बिल्किसचं नाव घ्यायला हवं. ते तिच्या तोंडातून निघेना. तिनं ती लोंबती सुई उचलली. नेढ्याशी काळी पडलेली, मधे जराशी वाकलेली. आणि त्याच दोऱ्यानं उरलेली कॉलर पुरी केली. नक्षी उद्या भरू म्हणून सदरा टेबलावर ठेवला आणि झोपली.

सकाळी महमूदची हाक आली. "मसूदा! हे तू केलास?"

कॉलरवर काळी नक्षी भरलेली होती. पूर्ण. बारीक वेल, पानं, मधे डाळिंबं. एक गाठ दिसत नव्हती. आणि प्रत्येक टाका उलट्या अंगानं कललेला.

मसूदानं तो हात ओळखला. पण नवऱ्याच्या तोंडावर जे उमटलं होतं, ते तिनं लग्नानंतर एकदाही बघितलं नव्हतं. तेवढ्यासाठी ती म्हणाली, "होय. मीच केला."

तो कॉलरवरून बोट फिरवत राहिला. "अगदी तिचा हात..." एवढंच म्हणाला. सदरा कुणाचा, कपाटातून का काढला, एका शब्दानं विचारलं नाही. मसूदानं काकूला सांगितलं, "वहिनी, भीती मला नंतर वाटली. आधी राग आला. मेली तरी माझ्या आधी पोचली."

दुपारी तिनं ती सुई कागदात गुंडाळली, बुसैतीनच्या किनाऱ्यावर गेली आणि भरतीच्या पाण्यात लांब भिरकावली. खलास.

रात्र पंधरा डिसेंबरची. इथल्या नॅशनल डेची आदली रात्र. साऱ्या रस्त्यावर लाल-पांढऱ्या दिव्यांच्या माळा, पोरं गाड्यांचे हॉर्न वाजवत फिरतायत. अडीचच्या सुमाराला सगळं निवलं. महमूद गाढ झोपलेला. मसूदा जागीच. अंगात मॅक्सी, गळ्याची बटणं उघडी, डोळे दुकानाच्या दाराकडं.

आवाज आला.

सर्र...

कापडातून दोरा ओढल्याचा. शिलाई करणाऱ्या घरात तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही.

सर्र... मग थोडं थांबून, पुन्हा सर्र...

ती उठली. नवऱ्याला हलवावं असं वाटलं. पण तो उठेल, बघेल, आणि बिल्किस दिसली तर... तर तो तिच्याकडंच जाईल. म्हणून नाही उठवलं. एकटीच गेली. दारात उभी राहिली.

दुकानात अंधार. बाहेरच्या माळेचा लाल उजेड आरशावर पडलेला. टेबलावर सदरा. एक बाही टेबलावरून खाली लोंबत होती. ती वर उचलली गेली. कुणीतरी मांडीवर घ्यावी तशी. कफ ताणला गेला.

सर्र...

टेबलापाशी कुणी नव्हतं.

मसूदानं आरशात बघितलं.

...

नाही, आरशात काय दिसलं ते तिनं काकूलाही सांगितलं नाही. विचारू नका.

एवढंच सांगितलं, की ती घाबरून ओरडली नाही. तिचा मत्सर भीतीपेक्षा मोठा निघाला. ती दात आवळून बोलली. "आपा, तो माझा नवरा हाय. सदरे मी शिवीन."

आवाज थांबला.

बाही हळूच खाली आली.

काहीच नाही... बराच वेळ काहीच नाही...

मग पुन्हा आवाज आला. सर्र...

अगदी जवळून. तिच्या कानाखालून.

तिला पुढचं आठवत नाही. पहाटे फजरची बांग झाली तेव्हा ती दारातच भिंतीला टेकून बसलेली होती. टेबलावर सदरा, दोन्ही कफ भरून पुरे. अंगाला घाम फुटलेला, म्हणून मॅक्सी काढायला गेली. मॅक्सी डोक्यातून निघेना. गळ्याशी हात नेला. बटणांची उघडी पट्टी शिवून टाकलेली. आणि मॅक्सीच्या काठावरून गळ्याभोवती, कानाखालपासून कानाखालपर्यंत, काळी रेशमी शिवण. आवळलेली नाही. नुसती फिरवून आणलेली. आरशाशी जाऊन तिनं बघितलं.

तिची किंकाळी वरपर्यंत आली. सुट्टीचा दिवस, काकू चहा टाकत होती, तशीच खाली धावली. मी चप्पल शोधत मागे.

दार उघडंच होतं. मसूदा स्टुलावर बसलेली. महमूद तिच्या पाठीशी उभा, हातात मोठी कात्री.

"कापा ना वो," ती रडत म्हणत होती. "आधी कापा."

महमूद कापेना. तो त्या टाक्यांवरून अलगद बोट फिरवत होता. बायकोचा गळा त्या कापडात आहे, हे जणू त्याच्या गावीच नव्हतं. डोळे भरून आलेले.

"थांब," तो म्हणाला. "एकेक टाका उसवून काढतो. कापायला जीव होत नाय गो."

मसूदानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. तेव्हा ती रडायची थांबली. तुमची काकू म्हणते, भूत मी बघितलं नाही, पण त्या बाईचा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

शेवटी काकूनंच त्याच्या हातून कात्री हिसकावली. पुढून पट्टी कापली, मॅक्सी उतरवली, मसूदाला चादरीत गुंडाळलं आणि वर आमच्याकडं घेऊन आली. मसूदा पुढं महिनाभर आमच्याकडंच राहिली, मग गावी गेली. परत आली नाही. मास्तर अजून तिथंच आहेत. राजासाठी त्यांनी दुसरा सदरा शिवून दिला. तो पहिला ते स्वतः वापरतात.

"अँड दॅट्स इट? काका, तिनं झोपेत स्वतःच शिवलं असेल. स्लीपवॉकिंग."

मीही तेच म्हणालो होतो अश्वजित. शंभरदा म्हणालो. मग काकूनं मला ती कापलेली मॅक्सी दाखवली. शिवण दुसऱ्या कानाखाली पोचायच्या बोटभर आधी थांबली होती. गाठ मारलेली नव्हती. काम उद्यावर ठेवावं तशी, दोऱ्याला सुई लोंबत होती.

नेढ्याशी काळी पडलेली. मधे जराशी वाकलेली. हाताला लागली तेव्हा ओली होती.