श्रवणबिंदू

मे महिन्यातली रविवार सकाळ. नागपूरच्या त्या घरात नाश्त्याच्या आधीच कूलर सुरू झाला होता. खिडकीतला तो जुना लोखंडी कूलर असा घरघरायचा की शेजारी उभं राहून बोलायचं तर आवाज चढवावा लागे. डॉक्टर मुकुंद किनखेडे यांनी आपल्या मित्राला दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसवलं आणि कूलरचा आवाज नाहीसा झाला. पंखा फिरताना दिसत होता, गार वाऱ्याला वाळ्याचा वास होता, पण घरघर नव्हती.

विलास बोरकुटे उठून उभे राहिले आणि दोन पावलं बाजूला सरकले. क्षणभर घरघर परत आली, मग पुन्हा विरली.

"आत्ता तुझ्यावर लावलंय, तुझ्या मागं मागं येतं ते," किनखेडे म्हणाले. "बस आता. ऐक."

त्यांनी सारंगीचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. समोरच्या भिंतीवर आणि छताला पापडासारख्या पातळ चार पट्ट्या बसवल्या होत्या. महिन्यापूर्वी तिथे खाली सागवानी पेट्यांचे दोन स्पीकर उभे होते. बोरकुटेंनी स्वतः बनवलेले, कागदी पडद्यांचे, हाताने तार गुंडाळून केलेल्या वेटोळ्यांचे. बोरकुटेंनी अभियांत्रिकी महाविद्यालयात ध्वनिशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. निवृत्तीनंतर ते फक्त स्पीकर बांधत. किनखेडे दंतवैद्य. आयुष्यभर ड्रिलची शिट्टी ऐकल्याने त्यांना कुठलाच कर्कश आवाज सोसत नसे. खर्ज गुंजतो की नाही, तार स्वर टोचतो का, पेटी भिंतीपासून किती दूर ठेवावी, यावर दोघे दर रविवारी भांडत आले होते.

सारंगी थांबली.

"सुंदर आहे," बोरकुटे म्हणाले. "हे मान्य करतो."

तत्त्व त्यांना ठाऊक होतं. आवाजाची जशी लहर येते, तिच्या नेमकी उलट लहर सोडली की दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. कानाला लावायच्या हेडफोनमध्ये ते केव्हाच आलं होतं. मोकळ्या खोलीत, हलत्या माणसाच्या कानांभोवती ते साधणं अशक्य आहे, असं ते विद्यार्थ्यांना सांगत. या पट्ट्यांनी ते साधलं होतं. कानांभोवतीच्या त्या हातभर जागेला कंपनीने नाव दिलं होतं श्रवणबिंदू. ज्याच्यावर तो लावला तो माणूस चालू लागला की बिंदूही चालू लागे.

"कूलर नको, सारंगी हवी, हे याला सांगतं कोण?"

"मीच. पण बोलून नाही." किनखेडेंनी पट्टीतल्या बारीक भिंगाकडे बोट केलं. "डोळ्यातली बाहुली, कपाळावरची आठी, मानेतली नाडी, सगळं दिसतं त्याला. मला जे ऐकून त्रास होतो ते कमी करतं, आवडतं ते खुलवतं."

"म्हणून गज तारेवर खरवडतो तो आवाज गेला."

"नकोच होता तो."

"अरे, वाजवणाऱ्याने केला होता ना तो. स्पीकर म्हणजे निरोप्या. निरोप कडू असला तरी जसाच्या तसा पोचवायचा."

"माझं घर, माझे कान. कडू काहून ऐकू मी?"

"माझा मोजमापाचा माइक घेऊन येतो एक दिवस. हे यंत्र किती खोटं बोलतं ते कागदावर दाखवतो."

"आण ना. कागद ऐकत बसतं का कोणी?"

किनखेडेंच्या पत्नी शरयूबाई पन्ह्याचे पेले घेऊन आल्या आणि दोघांकडे पाहून हसल्या. त्यांना पट्ट्यांचं कौतुकच होतं. कुकरच्या शिट्टीने चिडणारा, शेजारच्या लग्नातल्या बँडवरून पोलिसांना फोन लावणारा त्यांचा नवरा गेल्या महिन्याभरात शांत झाला होता.

पावसाळा लागेपर्यंत किनखेडेंनी स्वयंपाकघरात, जेवणाच्या खोलीत आणि शेजघरातही पट्ट्या बसवून घेतल्या. घर बदललं नव्हतं, तरी त्यांना ते नवं वाटे. पाण्याची मोटर, कुत्री, वरच्या मजल्यावरची खुर्ची ओढल्याचा आवाज, काहीच त्यांच्यापर्यंत येईना. त्यांना गाढ झोप लागू लागली. रक्तदाबाची गोळी अर्धी झाली.

शरयूबाईंना मात्र काही गोष्टी दोनदा सांगाव्या लागू लागल्या. भाजी काय आणायची, कोणाचा फोन आला, हे किनखेडेंना लगेच ऐकू जाई. पण कधीकधी त्या बोलत असताना किनखेडे वर्तमानपत्रातून मानही वर करत नसत. खांद्याला हात लावला की दचकून म्हणत, "तू हळू बोलून राहिली आहेस हल्ली."

शरयूबाईंनी हट्ट धरून त्यांचे कान तपासून घेतले. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं की या वयात इतके चांगले कान तिने पाहिले नाहीत. घरी परतताना किनखेडे खुशीत होते. शरयूबाई गाडीत खिडकीबाहेर बघत बसल्या. कान चांगले आहेत, म्हणजे ऐकू तर येतं. मग उत्तर का देत नाहीत, याचा अर्थ त्यांनी आपल्यापुरता लावला आणि त्या गोष्टी सांगणं बंद केलं.

बोरकुटे माइक घेऊन आले ते गणपती उठल्यानंतर. दुपारची वेळ होती. ते दारातच बाकावर बसून बुटांची नाडी सोडत होते. श्रवणबिंदू आत किनखेडेंच्या कानांभोवती होता. आतून खोकला ऐकू आला. थांबला, पुन्हा आला. खोकल्यामागून श्वास ओढल्याचा आवाज येत होता, ओल्या लाकडातून वाफ निघावी तसा.

"वहिनी," ते आत येत म्हणाले, "केव्हापासून आहे हा खोकला?"

शरयूबाई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. ओठांचा रंग बरा नव्हता.

"कोणता खोकला?" खुर्चीतून किनखेडेंनी विचारलं.

बोरकुटेंना आधी ती थट्टा वाटली. शरयूबाई त्याच वेळी पुन्हा खोकल्या, कमरेत वाकून. तोंडाशी धरलेला पदर, हलणारे खांदे, सगळं किनखेडेंच्या डोळ्यांसमोर होतं. ते बायकोकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आवाज न काढता बोलणाऱ्याकडे बघावं तसा गोंधळ होता.

"तुला ऐकू नाही आलं हे?" बोरकुटेंनी विचारलं.

"काय?"

बोरकुटेंनी पिशवीतून माइक काढला. स्पीकरचा खर्ज मोजायला आणलेली ती बोटाएवढी नळी त्यांनी मित्राच्या कानाशी धरली आणि दुसरी तशीच दारापाशी ठेवली. शरयूबाईंना म्हणाले, "वहिनी, काहीही बोला." त्यांनी भाज्यांचे भाव सांगितले. माइकला जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर दोन्हींच्या रेषा सारख्या उठल्या. मग त्यांना खोकला आला. दारापाशीची रेषा टेकडीसारखी वर गेली, कानाशेजारची सपाट राहिली.

"आता ते सांगा," बोरकुटे हळूच म्हणाले, "जे तुम्ही सांगायचं सोडून दिलं."

शरयूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "मला जिना चढवत नाही. रात्री आडवं पडलं की दम लागतो. एकदा दाखवून येऊ या का कोणाला?"

कानाशेजारची रेषा हलली नाही.

बोरकुटेंनी भिंतीवरचं बटण बंद केलं. सगळीकडून आवाज किनखेडेंच्या कानांत शिरले, मोटारींचे, पक्ष्यांचे, आणि त्यात शरयूबाईंचा श्वास. किनखेडे खुर्चीचे हात धरून उठले. त्यांनी आयुष्यभर रोगी पाहिले होते; तो श्वास काय सांगतो हे समजायला त्यांना वेळ लागला नाही.

"तू बोलली नाहीस," ते म्हणाले.

"बोलले. श्रावणभर बोलत होते. मला वाटलं, तुम्हाला ऐकायचं नाही."

"माझी आई अशीच गेली, शरयू. असाच खोकला होता तिचा. मी शेजारी होतो. खोकला ऐकला की माझ्या छातीत धडकी भरते. कंटाळा नव्हता तो, भीती होती."

"यंत्राला दोन्ही सारखंच दिसलं," बोरकुटे म्हणाले.

"मलाही," शरयूबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या, कारण त्यांना उभं राहवत नव्हतं.

किनखेडेंना आठवलं की शेजघरात त्यांच्या बायकोच्या बाजूला एकीच्या तीन उशा झाल्या होत्या. ते डोळ्यांना दिसलं होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

हृदयाची एक झडप सैल झाली होती आणि फुप्फुसात पाणी साठत होतं. थोडं आधी आला असतात तर गोळ्यांवर भागलं असतं, असं हृदयरोगतज्ज्ञांनी फारसं न रागावता सांगितलं. आता शस्त्रक्रिया लागणार होती, आणि तिच्यातून त्या निभावतील की नाही याबद्दल ते जपून बोलत होते.

त्याच संध्याकाळी किनखेडेंनी कंपनीला फोन लावला. पलीकडची तरुणी फार अदबीने बोलली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वाईट वाटल्याचं सांगितलं.

"पण सर, यंत्रणा तर नीट चालली होती. काही ऐकू आलं नाही अशी तक्रार आजवर आमच्या एकाही ग्राहकाने केलेली नाही."

शेजारी उभ्या असलेल्या बोरकुटेंनी डोळे मिटले. "करेल कसा?" ते पुटपुटले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शरयूबाईंना वॉर्डात हलवलं. रुग्णालय नवं होतं, लांबलचक, पांढरं. दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून माणसांचे आवाज येत होते. कोणी कण्हत होतं, कोणाचं तरी यंत्र टिकटिकत होतं, आणि एक म्हातारी बाई थांबून थांबून हाक मारत होती, "सिस्टर... ओ सिस्टर..."

शरयूबाईंचं सलाइन संपत आलं होतं. किनखेडे ते सांगायला मार्गिकेच्या टोकाशी असलेल्या परिचारिकांच्या टेबलाकडे गेले. तिथे एक तरुण सिस्टर संगणकावर काही भरत होती. चेहरा निवांत. किनखेडे टेबलावरून जरा पुढे वाकले.

कण्हणं थांबलं. टिकटिक थांबली. म्हातारीचा आवाज मधेच तुटला.

"बोला ना काका," सिस्टर हसून म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ आणि गोड आला.

किनखेडेंनी वर पाहिलं. छताला पातळ पट्टी होती, तिच्यात बारीक भिंग.

"हे केव्हा बसवलं?"

"पावसाळ्याच्या आधी. फार बरं झालं. पूर्वी ड्यूटी संपेस्तोवर डोकं फुटायचं, रडू यायचं घरी जाऊन. आता सगळ्याच सिस्टर खूश आहेत."

"आणि पेशंटांना काही लागलं तर?"

"बेल आहे ना. दाबली की ऐकू येते."

"रोज येते?"

सिस्टरने जरा आठवून पाहिलं. "आता फार कमी झालं आहे, काका. पेशंटही शांत झालेत."

किनखेडे सरळ उभे राहिले आणि एक पाऊल मागे सरले. म्हातारीची हाक पुन्हा आली, आधीपेक्षा बारीक. तिच्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागला होता आणि घंटा वाजत होती, एकसारखी. सिस्टर त्यांच्याकडेच बघत होती, मदतीला तयार, डोळ्यांत खरीखुरी माया. तिच्याशी भांडावं असं तिच्यात काही नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला.

"बेटा, एक मिनिट इथे येऊन माझ्याशेजारी उभी राहतेस का?"