पडद्याआडून सांगितलेलं माप

पोहायचा कॉस्च्युम अर्धा अंगात गेला आणि तिथेच रुतून बसला. ना वर, ना खाली. गणिताच्या बाई ट्रायल रूममध्ये एक हात वर करून उभ्या होत्या, दुसरा हात पट्ट्यात अडकलेला, आणि समोर भला मोठा आरसा.

"होईल ताई, ताणतं कापड आहे," म्हणत काउंटरवरच्या मुलीने हा नग त्यांच्या हातात कोंबला होता. दुकानातलं सगळ्यात मोठं माप म्हणे. मोठं कुणाचं, बाहुलीचं? दुकानवाल्यांची एक समजूतच असते, की अंगाने भरलेल्या बाया पाण्यात उतरत नाहीत, काठावर बसून दुसऱ्यांचे टॉवेल सांभाळतात. बाईंनी सांभाळलेही होते. शाळेत असताना मैत्रिणींचे, आणि आता बत्तिसाव्या वर्षी विद्यार्थिनींचे. म्हणून तर डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पोहायला सांगितलं तेव्हा त्या हिरमुसल्या नाहीत, मनातून हरखल्याच. तलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये एकच जागा उरली होती. ती त्यांनी धरली. सोमवारपासून आठवड्याच्या आत पाण्यात उतरलं नाही, तर जागा दुसरीला. आणि साध्या कपड्यांत पाण्यात पाय घालायची सोय नाही.

"कुणी आहे का बाहेर?" बाई हळूच म्हणाल्या.

"आहे." पुरुषाचा आवाज. पडद्याला लागूनच शिलाई मशीन चालत होतं, ते थांबलं.

"ती मुलगी कुठे गेली?"

"जेवायला. अडकलंय का?"

"नाही."

मशीन काही पुन्हा सुरू झालं नाही. जरा वेळाने पडद्याखालून एक कात्री आत सरकली, मूठ पुढे करून.

"डाव्या खांद्यावरचा पट्टा कापा. तो सुटला की सगळं सुटेल."

"दुकानाचा माल आहे."

"माल दुकानाचा, खांदा तुमचा. कापा. मी परत शिवून ठेवतो."

बाई बाहेर आल्या तेव्हा तो टेलरमास्तर मान खाली घालून दोऱ्याचं रीळ बदलत होता. रीळ भरलेलंच होतं. काटकुळा माणूस, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात टेप. वर बघितलं नाही, हे त्याने शहाणपणाचंच केलं.

"याहून मोठं कुठे मिळेल?"

"मिळणार नाही. शिवून होईल."

"कोण शिवतं असलं?"

"कुणी मागत नाही, म्हणून कुणी शिवत नाही. मी शिवेन." त्याने गळ्यातला टेप काढून पडद्याच्या दांडीवर टाकला. "आत जाऊन तुम्हीच माप घ्या. आकडे सांगा, मी लिहितो."

बाईंचा जन्म आकड्यांत गेलेला. वर्गात दशांशचिन्ह चुकलं तरी त्यांना खपायचं नाही. स्वतःचे आकडे मात्र त्यांनी कधी कुणाला खरे सांगितले नव्हते. दवाखान्यात नाही, बघायला आलेल्या स्थळांना नाही, आईलाही नाही. आज काय झालं कोण जाणे. मधे पडदा होता म्हणून, की त्या सरकत आलेल्या कात्रीमुळे… टेपवर जे दिसलं तेच त्यांनी वाचलं. छाती. कंबर. सीट.

बाहेर पेन्सिल थबकली नाही. "घेतलं लिहून," एवढंच तो म्हणाला. 'अरे बापरे' म्हणाला नाही. ते न म्हटलेलं 'अरे बापरे' बाई घरी घेऊन गेल्या आणि दोन दिवस त्यावर खूश राहिल्या.

कापड निवडायला गेल्या तेव्हा म्हणाल्या, "काळं द्या. काळ्यात बारीक दिसतं म्हणतात."

"गळ्यापर्यंत पाण्यात असल्यावर बघणार कोण? मासे?"

"तलावात मासे नसतात, मास्तर."

"मग तर प्रश्नच मिटला." त्याने जांभळं कापड उलगडून खिडकीच्या उजेडात धरलं. "हे घ्या. तुम्हाला शोभेल."

"तुमची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते."

"कात्रीला कुणी उत्तर देत नाही ना… तुम्ही देता."

मग दोघांनाही त्या कापडाची वीण अगदी निरखून बघावीशी वाटली.

शुक्रवारी बाई पुन्हा निघाल्या, अस्तर लागेल का ते विचारायला. "अस्तराचं विचारायला केस धुवून जातेस?" आई म्हणाली. बाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

सोमवार उजाडला. कपडे बदलताना जांभळा कॉस्च्युम जरा सैल वाटला खरा, पण आयुष्यभर आवळलेल्या माणसाला सैलपणा गोडच लागतो. शिडीच्या तीन पायऱ्या उतरल्या आणि गळ्यातून आत पाणी शिरलं. पोटावर हा फुगा. पट्टे खांद्यांवरून घसरले. एक हात पट्ट्यांवर, एक शिडीवर, पोहायचं कशाने? शिकवणाऱ्या बाईंनी शिट्टी वाजवली. "ताई, वर या. नीट मापाचा घालून या, मग बघू." बाकीच्या हसल्या नाहीत. त्यांनी कीव केली. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाई पुन्हा काठावर बसल्या. या वेळी टॉवेल स्वतःचा होता.

शाळा सुटल्यावर त्या थेट दुकानात गेल्या आणि ओला कॉस्च्युम मशीनवर ठेवला.

"किती वाढवलंत?"

मास्तराने कापड उलटसुलट केलं. चेहरा उतरला. "दोन इंच. सगळीकडे."

"का?"

"बायका दोन कमी सांगतात. एकोणीस वर्षं हेच बघतोय. त्यांना बोलून दाखवायचं नाही, गुपचूप दोन वाढवायचे… हाताला सवयच लागलीय."

"मी खरं सांगितलं होतं." बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं. आणि तुम्ही धरून चाललात की मी खोटं बोलतेय."

"परत शिवून देतो."

"शिवाल हो. कापडाचं काय, उसवता येतं."

आणि त्या निघून गेल्या.

बुधवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. आईने दार उघडलं. पावतीवरचा पत्ता शोधत मास्तर आला होता, हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं.

"कोण तुम्ही?"

"शिंपी. बाईंचं काम द्यायचं होतं."

"शिंपी कधीपासून घरी यायला लागले? आमच्या वेळी दहा खेपा घालायला लावायचे."

"चूक माझी होती."

आईने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पुरुषाच्या तोंडून हे वाक्य या घरात पहिल्यांदाच ऐकलं. बसा." आणि ती स्वयंपाकघरात गेली. कान मात्र बाहेरच ठेवून गेली.

बाई येऊन उभ्या राहिल्या. पुडकं घेतलं, उघडलं नाही.

"तुम्ही सांगितलेलेच आकडे," तो म्हणाला. "एक धागा वाढवला नाही." तो उठेना. "आणखी थोडं बोलायचं होतं. तुम्ही सगळं खरं सांगितलंत, मग मीही… माझं वय एक्केचाळीस आहे. दुकानात छत्तीस सांगतो. छाती बत्तीस आहे. शर्ट छत्तीसचा शिवतो, माणूस भरलेला दिसावा म्हणून. आणि पोहण्याचे कपडे शिवतो खरा, पण मला पाण्याची भीती वाटते. गुडघाभर पाण्याचीसुद्धा."

"शर्टाचं मला दारातच कळलं होतं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

बाईंनी ओठ दाबून धरले. हसायचं नाही असं ठरवलं होतं. "उद्या बघते," त्या म्हणाल्या, आणि तो गेल्यावर पुडकं उशाशी ठेवून झोपल्या.

सकाळी पाणी थंड होतं. पायऱ्या उतरल्या, आणखी एक, आणखी एक… जांभळं कापड अंगाशी अंगासारखं राहिलं. बाईंनी शिडी सोडली. पाण्याने त्यांना अलगद उचललं, जसं इतर कुणालाही उचलतं, काही न विचारता. गुडघा गप्प झाला. छपराच्या काचेतून ऊन खाली उतरत होतं आणि बाई उताण्या होऊन ते बघत तरंगत राहिल्या, शिट्टी वाजेपर्यंत.

बाहेर फाटकाशी मास्तर उभा होता.

"बसलं?"

"बसलं."

"कुठे काचलं नाही ना?"

"नाही."

"मग… माझं काम झालं."

"झालं. अजून उभे का आहात?"

"दुकान दहाला उघडतं."

"आत्ता सव्वासात होतायत."

"हो." त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावायचं विसरला. "त्या दिवशी तुम्ही आकडे सांगत होतात ना, तेव्हा मनात आलं होतं, ही बाई खोटं बोलत नसणार. आलं होतं. तरी मी हाताचं ऐकलं. आता मनाचं सांगतो… मला तुम्ही आवडता. यात काही वाढवलेलं नाही."

बाईंच्या केसांतून पाणी मानेवर ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"कमी तर केलेलं नाही ना?"

"थोडं केलंय," तो म्हणाला.

आता मात्र बाईंना हसू आवरलं नाही. "मग पूर्ण सांगा. शाळेपर्यंत रस्ता आहे."

गुडघा मुळीच दुखत नव्हता, तरी बाई हळू चालत होत्या. शाळेची पहिली घंटा झाली तेव्हा दोघं जेमतेम कोपऱ्यापर्यंत पोचली होती. बाईंनी घंटा ऐकली, आणि तशाच हळू चालत राहिल्या.