नवव्या गाण्याचे ड्रम्स

आमचा स्टुडिओ जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शेनच्या एका बंद कोळसा खाणीच्या न्हाणीघरात होता. जिथे खाणकामगार आपले कपडे साखळीला अडकवून छताशी ओढून घेत, तिथे आम्ही माइक टांगले होते. फरश्यांना अजून साबणाचा नि कोळशाचा वास येई.

सत्याऐंशीच्या मार्चमध्ये चार पोरांचा थ्रॅश मेटल बँड तिथे ‘शेवटची पाळी’ हा अल्बम करत होता. आधी ड्रम्स घ्यायचे, मग त्यांवर गिटार आणि गाणं चढवायचं, ही रीत. डिटमारने नवव्या, शेवटच्या गाण्याचे ड्रम्स एका दमात वाजवले.

“एगोन, हे आमच्या म्हाताऱ्याला ऐकव. म्हणतो, मी नुसते डबे बडवतो!” मला असं सांगून हसत तो मोटारसायकलवर बसला. सकाळी तो गेल्याचा फोन आला.

त्याला माती दिली, आणि उरलेलं काम आम्ही रडत रडत पुरं केलं. टेपवर प्रत्येक वाद्याची वेगळी पट्टी असते; शेवटी नवव्या गाण्याच्या रिकाम्या पट्ट्यांवरची खरखर पुसायची होती. आवाज बंद ठेवून मी बटणं दाबली. डोळे भरलेले होते. दाबली ती ड्रम्सची. पोराचं शेवटचं वाजवणं माझ्या हातानं पुसलं गेलं.

देवापुढे गुडघे टेकून सगळं सांगितलं. माणसांपुढे छाती झाली नाही.

शुक्रवारी दुपारी डिटमारचे वडील, याच खाणीतले जुने कामगार कोवाल्के काका आले. तीस वर्षांच्या सवयीने कोट साखळीला अडकवून त्यांनी वर ओढला. “लाव,” म्हणाले.

मी टेप लावली. गिटार आली, गाणाऱ्याचा आवाज आला. ड्रम्सच्या मीटरचे काटे शून्यावर पडून होते.

काकांची मान हलू लागली.

“काय काका, डबे का?” गिटारवाला राल्फ डोळे पुसत म्हणाला.

“गप रे! डावा हात मागे पडतोय त्याचा. लहानपणी काट्या-सुरीनं ताटली बडवायचा, तेव्हाही पडायचा.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “इथं हादरतंय बघ.”

मला वाटलं, दोघे मला सांभाळून घेताहेत.

अल्बम तसाच बाहेर पडला. पत्रं येऊ लागली. सगळ्यांना नववं गाणं हवं होतं. असे ड्रम्स ऐकले नाहीत म्हणत.

मे महिन्यात मला आठव्या गाण्यातले ड्रम्स ऐकू येईनासे झाले. जूनमध्ये सातव्यातले. डॉक्टरांनी कान तपासले. ठणठणीत.

ऑगस्टपर्यंत एकाही गाण्यात डिटमार उरला नाही.

एका रविवारी चर्चहून थेट काकांकडे गेलो. त्यांनी कॉफी नि प्लमचा केक पुढे ठेवला.

“काका, ते ड्रम्स मी पुसले. चुकून. टेपवर काही नाहीये.”

त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

“वेडा आहेस,” हळूच म्हणाले. “आम्ही रोज ऐकतो.”

त्यांनी रेकॉर्ड लावली. नववं गाणं. डोळे मिटून दोन्ही तळव्यांनी ते टेबल बडवू लागले, पोराबरोबर, जोरजोरात.

मी कान देऊन बसलो. गिटार वाजत होती. खिडकीबाहेर कुणी सायकलची घंटी वाजवली.

समोर कप हिंदकळत होते, चमचे उडत होते. तळव्यांचा आवाज येत नव्हता.