कोनाड्यातला तांब्या

ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. पण हे घडले आहे. ते घर घिवलीच्या रस्त्याला आजही उभे आहे, आणि ही गोष्ट गेल्या मार्गशीर्षातली, दिवस मावळतानाची.

सुजित जळगावकडचा, तारापूरला कारखान्यात नोकरीला. गावातल्या बन्सी नावाच्या माणसाचे जुने घर त्याने विकत घेतले ते लेकीला, वैभवीला, मोकळी हवा मिळावी म्हणून. पण पश्चिमेची भिंत खाऱ्या वाऱ्याने कायम ओली. पोरीला खोकून खोकून धाप लागे. डॉक्टर म्हणाले, आधी ओल घालवा.

म्हणून भिंतीला बाहेरून थर्माकोलचे जाड तक्ते आणि त्यावर प्लास्टिकच्या पट्ट्या बसवायचे ठरले.

त्या भिंतीला बाहेरच्या अंगाने एक कोनाडा होता. शेजारच्या मैनाबाई रोज संध्याकाळी त्यात पाण्याचा तांब्या ठेवत. बन्सीच्या बायकोला खोकल्याचा आजार जडला, तेव्हा तिला तिथल्या पडवीत एकटीला ठेवले होते. घरचे जवळ जात नसत. मैनाबाई कोनाड्यात पाणी ठेवून लांब सरत. बन्सीची बायको शेवटी तिथेच गेली. पुढे पडवी मोडली. तांब्या मात्र चालूच राहिला.

"तेवढा कोनाडा सोड रे पोरा," मैनाबाई म्हणाल्या. "ती अजून हाय. तिला पाणी लागतं."

"मावशी, तुमच्या पाण्यानंच भिंत ओली राहते."

सुजित हे हसत म्हणाला. कोनाडा थर्माकोलने ठासून भरला. वर पट्टी बसली.

भिंत कोरडी झाली. वैभवीचा खोकला थांबला. सुजितची बायको रूपाली कित्येक महिन्यांनी निवांत झोपली.

मग एका संध्याकाळी...

खोकला ऐकू आला.

वैभवी समोरच चित्र रंगवत बसली होती. तोंड मिटलेले.

खोकला भिंतीतून येत होता.

सुजित आणि रूपाली बाहेर धावले. अंगणात कोणी नव्हते. वारा पडला होता. फक्त कोनाड्यावरची पट्टी... आतून कोणी नखांनी खरवडावे तशी थरथरत होती.

घरात वैभवी पाणी मागू लागली. एक पेला. दुसरा. मग तिने कळशीलाच तोंड लावले. पोट टम्म फुगले, ओठ मात्र कोरडे, भेगाळलेले.

"मला मिळतच नाही, पप्पा," ती रडत म्हणाली. "तीच पिते."

सुजितने करवतीने पट्टी कापली. थर्माकोलचा तुकडा हातात आला.

त्याच्या आतल्या बाजूला... दातांच्या खुणा होत्या.

मैनाबाईंनी मोकळ्या कोनाड्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

खोकला थांबला. वैभवी सावरली. रोज सकाळी तांब्या रिकामा असे.

हल्ली तो काठोकाठ भरलेला असतो.

मैनाबाईंना वाटते, ती एकदाची सुटली. सुजित त्यांना खरे सांगत नाही. वैभवीच्या उशाशी झाकून ठेवलेला पेला रोज सकाळी कोरडा असतो. झाकण जागचे हललेले नसते.

आणि वैभवी पाणी मागत नाही.

तिला आता तहानच लागत नाही म्हणे...