लाल म्हणजे राख

कड्यावर सात जुनी झाडं उभी होती, आणि मुकादमाची टोळी करवती घेऊन तिथं पोचायच्या आत त्यांच्यावरचे लाल पट्टे बुजवायचे होते. मोहीम एवढीच. निघाले तिघं: झाडांवर खुणा करणारी खूणबाई, पाण्याचा डबा खांद्यावर टाकलेला तिचा दीर, आणि ज्यांच्या अकलेनं ही पायपीट ओढवली ते साहेब.

साहेबांनी जंगल पाहिलं होतं नकाशावर. तिथं ते हिरवं आणि सपाट असतं. शब्द वाचवायची त्यांना भारी हौस. परिपत्रकात त्यांनी लिहिलं, ‘लाल खूण: राख.’ म्हणजे, राखून ठेव. खूणबाईनं धनेश पक्ष्यांच्या ढोल्या असलेल्या सातही झाडांना लाल पट्टे मारले. मुकादमानं मात्र वाचलं, तोडून, जाळून राख कर. पोकळ झाडाचा त्याच्या लेखी दुसरा उपयोगच नव्हता. आणि आत तर धनेशाच्या माद्या पिलांसकट स्वतःला चिखलानं लिंपून कोंडून बसलेल्या. बाहेर चोचीपुरती फट!

साहेबांनी मुकादमाला नुसतं ‘थांब’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग चूक कबूल करावी लागली असती. त्यापेक्षा डोंगर चढलेला बरा.

“वहिनी, जळकट वास येतोय,” अर्ध्या चढावर दीर म्हणाला.

पूर्वी थंडी सरताना इथली माणसं गवताचे पट्टे जाळून टाकत, म्हणजे वणवा पुढं सरकत नसे. ‘आगीमुळे जंगल जळते’ असा शोध लावून साहेबांनी तीन वर्षांपूर्वी त्यावर बंदी घातली. तेव्हापासून गवत असं माजलं होतं, की आत शिरलेल्या हत्तीला बाहेरची वाट विचारावी लागे.

वारा फिरला. खालून वणवा आला! ज्वाळा इतक्या उंच, की आभाळातल्या घारीनं शेपूट आवरली. ससे पळाले. साप पळाले. साहेबही पळाले, पण आगीकडे! दिरानं त्यांना कमरेच्या पट्ट्याला धरून मागं ओढलं. खूणबाईनं काडी ओढून पुढचं गवत पेटवलं.

“अहो, याला बंदी आहे!”

“मग लिहून घ्या ना. लवकर लिहा, कागद पेटायच्या आत.”

ती आग वाऱ्याबरोबर वर पळाली आणि खडकांपाशी विझली. तिघं तापलेल्या काळ्या जमिनीवर चढले. मागून आलेल्या वणव्याला खायला काही उरलंच नाही.

पट्टे बुजवायला आणलेला रंगाचा डबा धावपळीत गेला होता. मग राखेत पाणी कालवून पट्टे लिंपले. सहा झाले. सातव्याशी पलीकडच्या वाटेनं चढून आलेला मुकादम उभा होता.

“साहेब, आता बोला,” खूणबाई म्हणाली.

साहेब बुटाची नाडी तपासू लागले. करवत घरघरली. दातांनी साल धरली!

तेवढ्यात पंखांचा मोठा आवाज करत नर उतरला. फटीतून चोच बाहेर आली, आणि त्यानं तिच्यात एकेक फळ सोडलं. मुकादमानं करवत बंद केली.

“आत बिऱ्हाड आहे?”

“सातही झाडांत,” दीर म्हणाला.

“मग कुणी बोललं का नाही?”

“तेच सांगायला तर मी जातीनं आलो,” साहेब छाती काढून म्हणाले.

खूणबाईनं त्यांच्याकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. डब्यात उरलेलं घोटभर पाणी मुकादमाला दिलं आणि दिराला म्हणाली, “चला भावोजी. यांच्याकडं नकाशा आहे.”